पेरूच्या बागेतला रणगाडा

रिफअतने आधी चाकं मोजली. फोटो कुठलाही असो, तो आधी चाकं मोजायचा. माणसांकडे मागाहून बघायचा आणि बऱ्याचदा बघायचाही नाही. पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जरा जास्त फट, म्हणजे रशियन बनावटीचा, टी-५५ किंवा त्याचा थोरला भाऊ. वरचा घुमट उपड्या वाडग्यासारखा गोल, तेही बरोबर. मग तोफ. तोफेच्या नळीवर एक फुगवटा असतो, दारूचा धूर उलटा आत येऊ नये म्हणून. रशियन तोफेत तो थेट तोंडाशी असतो. या तोफेत तो नळीच्या मधोमध होता. रिफअतचं बोट तिथं थांबलं. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. फुगवटा मधोमधच. मग त्याला मागची झाडं दिसली, पेरूची, बुटकी, खोडांना चुना फासलेली. आणि मग रणगाड्यापाशी उभा असलेला तो दिसला, झग्याच्या ओच्यात पेरू धरलेला, दुसरा हात लांब करून कुठंतरी दाखवणारा, अठरा वर्षांचा. तो स्वतः रिफअतच होता.

"बोला की मास्तर," अद्ली म्हणाला. कैरोच्या अझबकिया बाजारात, जुन्या पुस्तकांच्या रांगेत, अद्लीची टपरी होती. गेली तीस वर्षं तो जुने फोटो विकत होता आणि रिफअत दर गुरुवारी त्याच्याकडे बसून फोटोतली विमानं आणि रणगाडे ओळखून देत होता. मोबदला एक चहा, फार तर दोन. रिफअत शाळेत चित्रकला आणि भूमितीचा मास्तर होता, निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण अद्लीच्या तोंडी 'मास्तर' तसंच राहिलं होतं. "एवढा काय विचार करताय? अलामीनच्या लढाईतल्या विमानाला मी हरिकेन म्हटलं तेव्हा लांबूनच ओरडला होतात, अरे गाढवा, पंख बघ, स्पिटफायर आहे म्हणून. आज काय दातखीळ बसली?"

"उजेड कमी आहे," रिफअत म्हणाला.

"उजेड कमी! डोक्यावर ऊन आलंय." अद्लीनं खुर्ची जवळ ओढली. "ऐका. माल मार्सेलहून आलाय. कुणी मगरिबी, म्हणजे मोरोक्को-अल्जीरियाकडचा, म्हातारा मेला, त्याच्या घरातून निघाला. मी बघितला आणि म्हटलं, अद्ली, नशीब उघडलं तुझं. अल्जीरियावाल्यांचाच रणगाडा ना हा? ऑक्टोबरच्या लढाईत आपल्या मदतीला आले होते ते? पन्नास वर्षं झाली म्हणून इस्माइलियाला प्रदर्शन भरतंय, तिथं दारातच माणसाएवढा मोठा करून लावायचा. खाली ओळ घालायची, कालव्याकाठचा शेतकरी अल्जीरियाच्या भावांना पेरू देतोय आणि वाट दाखवतोय. हात बघा त्याचा, कसा सरळ केलाय! सिनेमातला नट आणला असता तरी जमलं नसतं. फक्त तुमची दोन ओळींची चिठ्ठी पाहिजे. तुमच्या सहीशिवाय ती समिती माझ्या सख्ख्या बापाचा फोटोसुद्धा लावायची नाही."

"आणि अल्जीरियाचा नसला तर?" हे रिफअतच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्याला वाटलं, जीभ चावून तोडावी.

अद्ली हसला. "नसला तर हा पोरगा गद्दार! मग तर सोन्याहून पिवळं, मास्तर. वर्तमानपत्रवाले मला खांद्यावर घेऊन नाचतील. पन्नास वर्षांनी गद्दार सापडला! जिवंत असेल तर शोधूनही काढतील. हल्ली फोन म्हणे चेहरा बघून म्हातारपणीचा चेहरा काढून दाखवतो. पण तुम्ही उगाच माझ्या तोंडाला पाणी आणू नका. शनिवारी चिठ्ठी द्या. आणि वहिनींना सांगा, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत आहे, शहिदाची पत्नी म्हणून. समितीवाल्यानं मला दोनदा बजावलंय." रिफअतनं मान हलवली. अद्लीनं फोटोची एक प्रत पाकिटात घालून त्याच्या हातात दिली आणि त्यानं ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

वहिनी. अद्ली बिचारा साधेपणानं म्हणायचा, मित्राच्या बायकोला माणूस दुसरं काय म्हणणार? पण नगात ही खरोखरच रिफअतची वहिनी होती. थोरला भाऊ हिल्मी, त्याची बायको. हिल्मी लढाईत गेला, दीड वर्षानं आईनं विषय काढला आणि घरातली सून घरातच राहिली. तिकडे हे नवं नव्हतं. गावात तीन घरांत तसं झालं होतं. निकाहानंतरही वर्षभर रिफअतच्या तोंडून 'वहिनी' निघून जायचं आणि नगात खाली मान घालून हसायची. त्यांना मुलगा झाला तेव्हा नाव तिनंच ठेवलं, हिल्मी. तेव्हापासून ती रिफअतला 'अबू हिल्मी', हिल्मीचा बाप, अशी हाक मारायला लागली. बेचाळीस वर्षं दिवसातून वीसदा ती हाक त्याच्या कानावर पडत होती. अबू हिल्मी, चहा झाला. अबू हिल्मी, दार लाव.

शुब्राला घरी जायला तो नेहमी भुयारी रेल्वे धरायचा. आज त्याला खाली उतरवेना. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या लख्ख दिव्यांखाली बसून कुणी आपल्या तोंडाकडे पाहिलं तर? म्हणून तो चालत निघाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. अताबाच्या चौकात एका मुलीनं फोन वर धरला, ती आपली मैत्रिणीचा फोटो काढत होती, पण रिफअतनं मान वळवली आणि तोंडावर हात घेतला. मग स्वतःचीच लाज वाटली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, केस गेलेले, दाढी पांढरी, कोण ओळखणार? पण नगात ओळखेल. ती त्याला अठरा वर्षांचा असताना रोज बघत होती. तो झगा तिनंच धुतला होता. ती पहिल्या रांगेत बसायला इस्माइलियाला जाईल, दारातून आत शिरेल आणि माणसाएवढा मोठा रिफअत हात लांब करून तिच्या पहिल्या नवऱ्याचा पत्ता सांगताना तिला दिसेल. इथं तो एका रसवाल्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. रसवाल्यानं विचारलं, "हाजी, उसाचा की डाळिंबाचा?" त्यानं उसाचा घेतला आणि अर्धा तसाच ठेवला.

लढाईच्या त्या आठवड्यात रेडिओवर सारखं अल्जीरियाचं नाव होतं. भाऊ निघाले, भाऊ वाटेत आहेत, भाऊ पोचतीलच. कालव्याच्या पश्चिमेला, खाऱ्या तळ्याजवळ, त्यांचं गाव आणि गावाबाहेर पेरूच्या बागा. बागांपलीकडे सुरूच्या झाडांआड सैन्याचा क्षेपणास्त्रांचा तळ होता आणि हिल्मी तिथंच होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. ठिकाण गुप्त होतं, म्हणे. पण पोरगा इतक्या जवळ असताना आई गप्प बसते होय? रोज सकाळी रिफअत भाकऱ्या आणि वालासारख्या मोठ्या दाण्यांच्या उसळीचं, म्हणजे फूलचं, पातेलं घेऊन जायचा. त्या सकाळी तो निघाला तेव्हा धुकं होतं. बागेत इंजिनांचा आवाज आला आणि झाडांमधून ते रणगाडे निघाले, पाच की सहा. अंगानं ओळखीचे, गोल डोक्याचे, आपल्या रस्त्यावरून जायचे तसेच. पण त्यांच्यावरची निशाणी वेगळी होती. पहिल्याच्या वर बसलेल्या सैनिकानं धुळीचा चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "लाबास, खूया?" बरं आहेस ना, भाऊ? असं मगरिबी लोक बोलतात हे रिफअतला हज करून आलेल्या म्हाताऱ्यांकडून ठाऊक होतं. त्याच्या अंगावर आनंदानं काटा आला. अल्जीरिया! पोचले! सगळ्या गावात पहिल्यांदा मला भेटले!

त्यानं पातेलं खाली ठेवलं आणि भराभर पेरू तोडले. सैनिकानं एक खाल्ला, गोड आहे म्हणाला. मग म्हणाला, रॉकेटवाले भाऊ कुठं आहेत, त्यांच्या पाठीशी उभं राहायचा आम्हाला हुकूम आहे. रिफअतनं हात लांब केला. तिकडं, सुरूच्या रांगेमागं, पंपघराच्या उजव्या अंगाला. माझा भाऊ आहे तिथं, हिल्मी नाव. त्याला सांगा, आज न्याहारीला उशीर होईल. सैनिक म्हणाला, सांगतो. मागच्याच्या गळ्यात कॅमेरा होता, त्यानं तो डोळ्याला लावला. रिफअत हसला. हसलाच होता तो, फोटोत दात दिसत होते. ते गेले आणि तो गावाकडं पळत सुटला, ओरडत, पण शब्द काही नीट निघत नव्हते आणि ऐकायला वाटेत कुणी नव्हतं. पाटाच्या पुलापर्यंत पोचला असेल नसेल, मागून आवाज आला. मग दुसरा, मग इतके की मोजता येईनात. मग सुरूच्या झाडांवर काळा धूर उभा राहिला. तळावर चौदा माणसं होती. हिल्मीचं काही सापडलं नाही. पेटीत काय ठेवलं होतं हे आईनंही विचारलं नाही.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सुरुवातीला सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटत नव्हतं, किंवा तो तसं वाटवून घेत होता. अल्जीरियाचे भाऊ आले, मग शत्रू आला, त्यानं सगळ्यांनाच मारलं, त्या सैनिकालाही. त्या सैनिकासाठी तो एकदा रडलासुद्धा होता! पुढच्या वसंतात, चौऱ्याहत्तर साली, मामा त्याला कैरोला घेऊन आला. शत्रूकडून हिसकावलेलं सामान एका मैदानात मांडलं होतं, लोक पोराबाळांसकट बघायला येत होते. तिथं तो रणगाडा उभा होता, गोल डोक्याचा. माहिती सांगणारा हवालदार मोठा गमत्या होता. "हा आपलाच बरं का! सदुसष्टला सिनायमध्ये आपण चपला टाकून पळालो तेव्हा त्यांना फुकटात मिळाला. मग त्यांनी तोफ बदलली. फुगवटा बघा, मधोमध. हे लक्षात ठेवा, नाहीतर लांबून बघाल आणि म्हणाल, आलेच आपले!" लोक हसले. मामा हसला. रिफअत एका खजुराच्या आड जाऊन ओकला आणि मामा म्हणाला, रस्त्यावरचं फूल खाऊ नको म्हटलं होतं ना. त्या सैनिकाची बोली मगरिबी कशी, हेही नंतर कळलं. त्यांच्यातल्या कितीतरी ज्यू सैनिकांच्या आया मोरोक्को आणि अल्जीरियातून आलेल्या होत्या. घरात तेच बोलायचे. एक वर्षानंतर, पंचाहत्तरच्या वसंतात, निकाह झाला. नगातनं त्याला एकच विचारलं होतं, आईसमोर, "मनापासून तयार आहेस ना तू?" तो हो म्हणाला. त्याला वाटलं, भरपाई. आणि भरपाई म्हणावी तर ती त्याला आधीपासूनच आवडत होती, हिल्मी होता तेव्हाही. हे तर त्यानं स्वतःशीसुद्धा कधी नीट उच्चारलं नाही.

त्यानंतर तो रणगाडे शिकला. लोकांना वाटायचं छंद आहे. चाकं, चाकांमधल्या फटी, विमानांची शेपटं, पंखांची टोकं, तोंडाशी फुगवटा की मध्ये, सगळं. वह्याच्या वह्या भरल्या. पुढच्या खेपेला चूक होता कामा नये, एवढंच. आता पुढची खेप कुठली, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी क्रांतीच्या हिवाळ्यात कैरोच्या रस्त्यांवर रणगाडे उभे राहिले, पोरं वर चढून नाचत होती, तेव्हा तो टीव्हीपुढं बसून चाकं मोजत होता आणि नगात म्हणाली होती, "अबू हिल्मी, आपलेच आहेत ते, उगाच काय मोजतोस?" त्यानं उठून टीव्ही बंद केला होता.

घरी पोचला तेव्हा नगात आरशापुढं उभी होती. निळा, नवा झगा, बाह्यांना बारीक काळी किनार. बहात्तर वर्षांची बाई, पण पाठ ताठ. "ये," ती म्हणाली, "खरं सांग, फार भडक तर नाही ना? आपली विदाद म्हणते, अम्मी, शहिदाची बायको आहेस, काळं घाल. मी म्हटलं, पन्नास वर्षं मी काळं घातलेलं तुझ्या बापानं बघितलं, आता निळं बघू दे."

"छान आहे."

"छान आहे म्हणे! बघितलंस तरी का? तोंड असं का झालंय तुझं? अद्लीनं रव्याचा शिळा बासबूसा खायला घातला वाटतं." ती त्याच्या कपाळाला हात लावायला पुढं आली आणि तो मागं सरकला. खिशातलं पाकीट कुरकुरलं. त्याला वाटलं, तिनं ऐकलं. तिनं काही ऐकलं नव्हतं. ती बाहीची किनार बघत होती. जेवायला मुलुखिया होती, ताज्या पानांची, लसणाची फोडणी दिलेली. तो जेवला, पण चव कळली नाही. सांगावं. नको. चिठ्ठीवर 'अल्जीरिया' लिहावं, मग हा फोटो दाराशी लागतो आणि नगात बघते, आणि तिला काही कळत नाही असं धरलं तरी आपण तिच्यासमोर वीर म्हणून टांगलेले राहतो, चौदा माणसांच्या डोक्यावर. खरं लिहावं, तर अद्ली गद्दार शोधायला निघतो. फोटो फाडावा, तर अद्लीकडं मूळ आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तो, मुलुखियात भाकरी बुडवत. भीतीचं एक विचित्र असतं. तिच्यात राहून राहून माणसाला तिची सवय होते, तिच्यात तो आपली खुर्ची टाकतो, पेपर वाचतो. आज कुणीतरी ती खुर्चीच ओढून घेतली होती.

शुक्रवारी नमाजहून परत आला तेव्हा त्याला समजलं की आपण सांगणार आहोत. धैर्य वगैरे काही नव्हतं. मशिदीत शेजारच्या माणसानं नुसतं "लाबास" सारखं काहीतरी पुटपुटलं, म्हणजे काय पुटपुटलं देव जाणे, आणि रिफअत दुवा अर्धवट सोडून बाहेर पडला. असं आणखी किती दिवस? नगात बाल्कनीत बसून भेंडी निवडत होती. तो समोर बसला आणि पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात पुसले, चष्मा लावला, फोटो लांब धरला, मग जवळ घेतला.

"अगंबाई, हा तर तू," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर आधी नुसता आनंद आला. "किती रोडका होतास रे! हा झगा मला आठवतो, याचा खिसा उसवला होता. कुणी काढला?" मग तिचं बोट रणगाड्यावर गेलं. मग हातावर. पंपघर फोटोत दिसत नव्हतं, पण ती त्या बागेत दोन वर्षं गेली होती. हात कुठं जातोय हे तिला सांगायला नको होतं. तिनं फोटो खाली ठेवला.

मग तो बोलला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. धुकं, पेरू, लाबास, न्याहारीला उशीर होईल, सगळं. मला वाटलं आपले आहेत, हे तो तीनदा म्हणाला. फुगवट्याबद्दलसुद्धा सांगायला लागला, तोंडाशी असतो, मधे असतो, आणि नगातनं हात वर केला तेव्हा थांबला. खाली गल्लीत फुलकोबीवाला ओरडत होता. भेंडीचं ताट तिच्या मांडीवर तसंच होतं. रिफअत तिच्या तोंडाकडं बघत होता आणि त्याला वाटत होतं की आता ती किंचाळेल, थोबाडीत मारेल, उठून लेकीकडं निघून जाईल. त्या सगळ्याची त्यानं पन्नास वर्षं तयारी केली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज शांत होता.

"अठरा वर्षांचं पोर तू," ती म्हणाली. "रेडिओ दिवसभर तेच सांगत होता. मी असते तर मीही पेरू दिले असते." तिनं फोटो पुन्हा हातात घेतला. "तो सैनिक म्हणाला, हिल्मीला सांगतो म्हणून?"

"हो."

"हं." तिनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं. रिफअतला छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास आत गेला. इतकंच होतं? इतकंच असून मी जन्मभर? त्याला हसू येईल की रडू, हे कळेना. आणि तेवढ्यात नगातनं मान वर केली.

"ते शत्रूचे होते हे तुला कधी कळलं?" ती म्हणाली. "निकाहाच्या आधी, की नंतर?"

या प्रश्नाची त्यानं कधी तयारी केली नव्हती. चाकं मोजली होती, फटी मोजल्या होत्या, ही एक गोष्ट मोजायची राहिली. ती उत्तराची वाट बघत होती, डोळे त्याच्या तोंडावर, आणि तिनं सगळं माफ केलं होतं, फक्त हा एक शब्द सोडून. त्याला खजुराच्या झाडाआडची ओकारी आठवली, त्यानंतरचं वर्ष आठवलं, आईसमोर म्हटलेलं 'हो' आठवलं.

"नंतर," रिफअत म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी."

तिनं डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली. "मग काही नाही," ती म्हणाली. "मग देवाची मर्जी. आधी कळलेलं असतं आणि तरी तू माझा हात धरला असतास ना अबू हिल्मी, तर मी आज, या वयात, या घरातून निघून गेले असते. एक दिवस थांबले नसते." तिनं त्याचा हात आपल्या ओल्या हातात घेतला. "घाबरू नकोस. खरं लिहून दे त्या अद्लीला. तुझं नाव घाल. लावू देत तो फोटो दारात. मी निळा झगा घालून पहिल्या रांगेत तुझ्या शेजारी बसते, बघू कोण गद्दार म्हणतं. आत्ताच लिही, माझ्यासमोर."

तिनंच उठून कागद आणि पेन आणून दिलं. त्यानं लिहिलं: रशियन बनावटीचा, सिनायमध्ये शत्रूच्या हाती पडलेला, तोफ बदललेली, अल्जीरियाचा नव्हे. फोटोतला माणूस मी स्वतः, रिफअत मंदूर. मला ते आपले वाटले. नगात खांद्यावरून वाचत होती, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिनं कागदाच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आणि कधी कळलं तेही घाल," ती म्हणाली. "साल घाल. म्हणजे उद्या लोक माझ्याबद्दल, आपल्याबद्दल, वेडंवाकडं बोलणार नाहीत."

रिफअतनं विचार केला. मग त्यानं एक साल निवडलं, मुलाच्या जन्मानंतरचं, कुणाला शंका येणार नाही असं, आणि ते आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहिलं, खाली सही केली. हात जराही कापला नाही आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.